‘कश्फुज्जुनून’कार हाजी खलिफा (रह.)

इस्लामी विद्यांच्या अभ्यासकाला पुष्कळदा एखाद्या जुन्या ग्रंथाचे केवळ नाव ठाऊक असते. तो कोणी लिहिला, कोणत्या काळी लिहिला, त्यावर कोणाकोणाच्या शरहा आहेत, हे त्याला कळत नाही. अशा वेळी उलेमा आजही ‘कश्फुज्जुनून’ उघडतात. या महान सूचिग्रंथाचा कर्ता मात्र कोण्या नामांकित मदरशाचा मुदर्रिस नव्हता. तो उस्मानी सल्तनतीच्या हिशेब-कचेरीतील एक कारकून होता.

मुस्तफा बिन अब्दुल्लाह यांचा जन्म हिजरी १०१७ (इ.स. १६०९) मध्ये इस्तंबूल येथे झाला. वडील लष्करात होते, पण उलेमांच्या बैठकीत आवर्जून बसत. त्यांनी मुलाला पाच-सहा वर्षांचा असतानाच कुरआन शिकण्यास बसविले आणि चौदाव्या वर्षी कचेरीत लावून दिले. पुढील दशकाचा बराच काळ मोहिमांत गेला. १६२६ मध्ये बगदादच्या स्वारीवरून परतताना मोसुल येथे वडिलांचे छत्र हरपले. इस्तंबूलला आल्यावर काजीजादे मुहम्मद यांच्या दर्समुळे विद्येची ओढ जागी झाली, ती अखेरपर्यंत टिकली.

१६३३ च्या सुमारास फौज हलब येथे हिवाळ्यासाठी थांबली. मुस्तफा तेथूनच हजला गेले. हलबमध्ये असताना ते ग्रंथविक्रेत्यांच्या दुकानांत बसून हाती येईल त्या हस्तलिखिताचे नाव टिपून घेत. या टिपणांतूनच पुढे २० वर्षे चाललेले काम उभे राहिले. परत आल्यावर एका श्रीमंत नातेवाईकाकडून वारसा मिळाला. त्यातील बहुतेक रक्कम त्यांनी ग्रंथखरेदीत घातली.

‘कश्फुज्जुनून’मध्ये सुमारे १४,५०० ग्रंथांची नोंद असून ग्रंथनामे अरबी वर्णक्रमाने लावली आहेत. नावासोबत कर्ता व त्याच्या वफातचे वर्ष येते. एकाच नावाचे अनेक ग्रंथ असतात. म्हणून जो ग्रंथ स्वतः पाहिला त्याचे आरंभीचे शब्दही ते देतात, जेणेकरून हस्तलिखित हाती आल्यावर ओळख पटावी. शरहा, हाशिये व संक्षेप मूळ ग्रंथाच्याच नोंदीखाली ठेवले आहेत. तफसीर, फिक्ह यांसारख्या विद्यांनाही त्याच क्रमात स्थान आहे, आणि विद्येचे स्वरूप व विभागणी यांवर एक विस्तृत मुकद्दमा आरंभी जोडला आहे. कित्येक नोंदींत वफातच्या वर्षाची जागा कोरी आहे. वर्ष मिळाले नाही तेथे त्यांनी अंदाजाने आकडा भरला नाही. ग्रंथात चुका आहेत, त्या पुढील विद्वानांनी दाखविल्या. तरी ही कोरी जागा मला त्यांच्या अमानतदारीची मोठी साक्ष वाटते.

कचेरीत मात्र त्यांची कदर झाली नाही. १६४५ मध्ये बढती नाकारली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व काही वर्षे अध्यापन केले. १६४८ मध्ये शेखुल-इस्लामांच्या शिफारशीने त्यांना दुय्यम खलिफाचे पद मिळाले. हा ‘खलिफा’ म्हणजे कचेरीतील साहाय्यक अधिकारी. मुसलमानांच्या खिलाफतीशी त्याचा संबंध नाही. ‘हाजी खलिफा’ हे नाव असे पडले. तुर्क लोक त्यांना कातिब चलेबी म्हणतात.

त्या काळी इस्तंबूलमध्ये काजीजादेंचे अनुयायी व सूफी यांच्यात तीव्र वाद माजला होता. आपल्या उस्तादांविषयी आदर राखूनही ते त्या गटात सामील झाले नाहीत. ‘मीजानुल-हक्क’ या अखेरच्या पुस्तकात त्यांनी कॉफी, तंबाखू यांसारख्या वादविषयांवर मध्यम मार्गाने लिहिले.

हिजरी १०६७ (इ.स. १६५७) मध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले. वय पन्नाशीच्या आतच होते. ‘कश्फुज्जुनून’ची स्वच्छ प्रत ‘दाल’ या अक्षरापर्यंतच पोहोचली होती. पुढचा भाग कच्च्या खर्ड्यातच राहिला. त्यांच्या संग्रहातील काही हस्तलिखिते हॉलंडच्या लायडन शहरी गेली. १८३५ ते १८५८ या काळात हा ग्रंथ युरोपात लॅटिन भाषांतरासह सात खंडांत छापला गेला. पुढे बगदादच्या इस्माईल पाशांनी त्यात न आलेल्या हजारो ग्रंथांची पुरवणी लिहिली.