रेव्हरंड टिळक आणि माझी आजी

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं रोज सकाळी इंग्लिश हिम्स म्हटली. सुट्टीत नांदूरघाटला गेले की पहाटे आजीचे तुकोबाचे अभंग. ही दोन्ही जगं कधी एकत्र येतील असं वाटलं नव्हतं, पण नारायण वामन टिळकांनी ते शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय!

टिळकांचा जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे अभ्यासक, आणि एका जागी कधी न टिकणारे. नोकऱ्या किती सोडल्या त्याचा हिशोब नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबल दिलं. पुढे बराच अभ्यास करून 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी आधी सांगितलं नाही.

इथे मी अडते. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू मागे राहिले. काही काळ त्या पंढरपुरात नातेवाईकांकडे राहिल्या. हे आजीला सांगितलं, तर तिला टिळकांच्या कवितेत काही इंटरेस्ट नाही. तिने एकच विचारलं, की त्या बाईने एवढी वर्षं काढली कशी? मला उत्तर देता आलं नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या आणि 1900 मध्ये स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे, हे महत्त्वाचं.

टिळक 1904 मध्ये पाळक झाले. आपण त्यांना 'केवढे हे क्रौर्य' मुळे ओळखतो, फुलामुलांचे कवी म्हणून. पण त्यांचं खरं काम भक्तीचं. तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं चालत. ती आपल्या माणसाच्या गळ्यात बसत नाहीत हे त्यांनी ओळखलं, आणि ख्रिस्तासाठी अभंग, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. तुकाराम त्यांनी सोडलाच नव्हता. 'अभंगांजली' वाचताना मधूनच वारकऱ्याचं वाटतं. मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही म्हणतात. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला मुंबईत ते वारले.

'ख्रिस्तायन' साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या! त्यांचं 'स्मृतिचित्रे' माझ्याकडे आहे. सबमिशनचा आठवडा सोडून कधीही मागा, पण परत द्या. आजीला सुट्टीत वाचून दाखवायचंय.