जॉन लॉरेन्स लेकाँट

जॉन लॉरेन्स लेकाँट (१३ मे १८२५, न्यूयॉर्क – १५ नोव्हेंबर १८८३, फिलाडेल्फिया) हे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ होते. उत्तर अमेरिकेतील सुमारे ५,००० भुंगेऱ्यांचे नामकरण त्यांनी केले.

आई तान्हेपणीच वारल्याने त्यांचा सांभाळ वडिलांनी केला. वडील जॉन ईटन लेकाँट स्वतः निसर्गअभ्यासक होते. १८४६ मध्ये लेकाँट यांनी वैद्यकाची पदवी घेतली. व्यवसाय मात्र फारसा केला नाही.

१८४७ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी टेट्राओपीस फेमोरेटस व टेट्राओपीस ॲन्युलेटस या लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांचे वर्णन केले. टेट्राओपीस म्हणजे चार डोळ्यांचा. शृंगिकेच्या बुडामुळे प्रत्येक डोळा दुभंगलेला असल्याने हे नाव मिळाले. हे तांबडे, काळ्या ठिपक्यांचे भुंगेरे मिल्कवीडवर जगतात. ही वनस्पती आपल्याकडील रुईच्या कुळातली व तशीच चिकाळ आहे. प्रौढ भुंगेरा आधी पानाची शीर कुरतडतो आणि चीक ओघळून गेल्यावर पुढचा भाग खातो. अळ्या मुळांवर वाढतात. लेकाँट यांचे लक्ष मुख्यतः रचना व वर्गीकरणाकडे होते.

१८४९ च्या सुमारास ते कॅलिफोर्नियात गेले. तेथून मद्यार्कात जतन केलेले १०,००० भुंगेरे त्यांनी वडिलांकडे पाठवले. आणखी २०,००० नमुने पुढे आगीत नष्ट झाले. ज्या नमुन्यावरून जातीचे वर्णन होते तोच नाहीसा झाला, तर पुढील अभ्यासकाला केवळ शब्दांवर विसंबावे लागते. त्यांचे पूर्वसूरी टॉमस से यांचा संग्रह तर किडींनीच फस्त केला होता! से यांचे विखुरलेले कीटकविषयक लेखन लेकाँट यांनी संपादित करून १८५९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे से यांनी दिलेली नावे अभ्यासकांना एकत्र उपलब्ध झाली.

यादवी युद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय विभागात होते व लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्धानंतर युरोपातील संग्रहालये पाहून त्यांनी तेथील नमुने तपासले. १८७४ मध्ये ते अमेरिकन विज्ञानवर्धन संस्थेचे अध्यक्ष होते. १८७८ पासून अखेरपर्यंत त्यांनी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत नोकरी केली.

जॉर्ज हेन्री हॉर्न यांच्यासह लिहिलेला उत्तर अमेरिकी भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ १८८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी निघाला. त्यांचा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाच्या तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयात आहे.