डासाचा माग काढणारा डॉक्टर

थंडी वाजून ताप आला की आपल्याकडे थंडीताप म्हणतात. पुस्तकात त्याला हिवताप किंवा मलेरिया म्हणतात. हा ताप कशाने पसरतो हे शोधून काढणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांची माहिती मी लिहीत आहे.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अल्मोडा येथे झाला. त्यांचे वडील फौजेत मोठे अधिकारी होते. रोनाल्डला कविता आणि चित्रांचा नाद, पण वडिलांनी त्याला डॉक्टरकीला घातले. १८८१ साली ते सरकारी डॉक्टर झाले.

तेव्हा लोकांना वाटे, दलदलीच्या वाईट हवेने हा ताप येतो. रक्तातले जंतू लॅव्हेरान यांनी १८८० साली पाहिले होते. पण ते एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात कसे, हे कोडेच होते. १८९४ साली लंडनमध्ये डॉ. मॅन्सन यांनी रॉसना डासांवरचा संशय सांगितला.

मग रॉस सिकंदराबादला डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसू लागले. पंख्याने डास उडून जात, म्हणून पंखा बंद! घामाने यंत्राचे स्क्रू गंजले. मध्येच उटीजवळ त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. तरी त्यांनी काम सोडले नाही. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात ते जंतू सापडले. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून, डास चावताना जंतू अंगात शिरतात हे त्यांनी दाखवले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी ते वारले.

मला वाटते, हा शोध दवाखान्याइतकाच शेताच्याही कामाचा आहे. हिशेब करून बघा. आवणीच्या दिवसांत घरातला एक माणूस आठ दिवस पडला आणि त्याच्या उशाशी एक जण बसला, तर सोळा दिवसांचे काम बुडाले. राबातली रोपे काही थांबत नाहीत, ती जून होतात. मग मजूर लावा, नाहीतर उसने काढा. आवणी लांबली की भात कमी उतरते. औषधपाणी झाले तरी वर्षभर कणगी रितीच!

स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख दगावत. १९५३ साली सरकारने फवारणीची मोहीम काढली. १९६५ पर्यंत रुग्ण १ लाखावर आले. पुढे ढिलाई झाली, डासही औषधाला दाद देईनात. १९७६ साली पुन्हा ६४ लाखांवर रुग्ण झाले. आता ते पुष्कळ कमी झाले आहेत, पण डास काही गेलेले नाहीत.

म्हणून घराभोवती पाणी साचू देऊ नका. रात्री मच्छरदाणी लावा. ताप आला तर आवणी उरकायची वाट न बघता सरकारी दवाखान्यात रक्त तपासा. गोळ्या मात्र सगळ्या संपवायच्या, बरे वाटले म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत.