पंगु बालकांची माता : फातिमा इस्माईल

ज्यांचीं चरित्रें मुलांना आवर्जून सांगावीं, अशा थोर स्त्रियांत मुंबईच्या फातिमा इस्माईल ह्यांचें नांव आम्ही आदरानें घेतों. १९०३ सालीं एका सधन मुसलमान कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. त्यांचे बंधु उमर सोबानी हे गिरणीमालक असूनहि गांधीजींचे निष्ठावंत सहकारी होते. देशसेवेचा वारसा बाईंस असा घरांतच लाभला.

त्यांची कन्या उषा लहानपणींच पोलिओनें पंगु झाली. ह्या व्याधीस उपाय नाहीं, असें त्या काळीं पुष्कळांस वाटे. बाईंनीं मात्र आशा सोडली नाहीं. मद्रासेस जाऊन अस्थिवैद्य डॉ. किणी ह्यांजकडून त्यांनीं मुलीवर उपचार करविले.

पोलिओचे जंतु पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूवर आघात करितात. तेथील मृत पेशी पुन्हां जिवंत होत नाहींत. परंतु उरलेले स्नायु शेकानें व नित्य व्यायामानें बळकट करितां येतात. आधारपट्ट्यांनीं, प्रसंगीं शस्त्रक्रियेनें, वांकूं पाहणारा पाय सरळ राखतां येतो. हें काम दिवसांचें नव्हे, वर्षांचें. गरिबाच्या लेंकरासाठीं तें कोणीं करावें? हाच प्रश्न बाईंच्या मनास लागून राहिला.

१९४७ सालीं त्यांनीं मुंबईंत पंगु बालकांच्या पुनर्वसनासाठीं संस्था स्थापिली. पुढें हाजी अली येथें मुलांचें अस्थिरुग्णालय उभें राहिलें, आणि १९५५ सालीं त्याच भागांत सरकारची अखिल भारतीय पुनर्वसन संस्थाहि निघाली. १९५८ सालीं बाईंस पद्मश्री मिळाली. १९७८ सालीं त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. १९८७ सालीं त्या निवर्तल्या.

२०१४ सालीं भारत पोलिओमुक्त ठरला. तथापि जन्मतः मेंदूस इजा होऊन हातपाय आखडलेलीं बालकें आजहि आहेत. त्यांना शेक, व्यायाम व आधार ह्यांची तितकीच गरज आहे. आणि उपचार जितका लौकर, तितका गुण अधिक.

गोंदियाच्या आमच्या बंधुभगिनींनो, एका मातेनें आपलें दुःख हजारों मातांच्या उपयोगीं लाविलें. आपल्या वस्तींत असें मूल असल्यास लाजेनें वा नशिबास दोष देऊन त्यास घरांत दडवूं नका. वेळींच वैद्याकडे न्या. ज्या आईबापांस एकट्यानें तें झेपत नसेल, त्यांच्या सोबतीस आपण जाऊं. ह्या महोत्सवीं वर्षीं एवढें जरी आपल्या हातून घडलें, तरी हें चरित्र वाचल्याचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.