बलाला माप देणारा रॉबर्ट हुक

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही ताणकाटा पाहिला असेल. त्याच्या आकड्याला एखादी वस्तू अडकवली, की आतली स्प्रिंग ताणली जाते, दर्शक खाली सरकतो आणि पट्टीवर एक आकडा दिसतो. रद्दीवालाही असाच काटा घेऊन फिरतो. बल तर डोळ्यांना दिसत नाही. मग या साध्या काट्याने ते कसे मोजता येते? या प्रश्नाचे उत्तर रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने दिले. त्याचीच ही गोष्ट.

इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचे बेट आहे. तेथील फ्रेशवॉटर या गावी 1635 साली रॉबर्टचा जन्म झाला. तो लहानपणी सतत आजारी असे. त्यामुळे खेळायला जाण्याऐवजी तो घरात बसून वस्तू तयार करी. एकदा त्याने पितळेचे एक घड्याळ उघडलेले पाहिले. लगेच त्याने तसेच लाकडी घड्याळ बनवले आणि ते चालूही लागले!

रॉबर्ट तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. तो लंडनला आला आणि वेस्टमिन्स्टर शाळेत शिकू लागला. तेथील मुख्याध्यापकांनी त्याची हुशारी ओळखली. पुढे तो ऑक्सफर्डला गेला. तेथे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने त्याला मदतनीस म्हणून घेतले. बॉइलच्या प्रसिद्ध प्रयोगांसाठी लागणारा हवेचा पंप हुक यांनीच तयार केला.

1662 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने हुक यांना प्रयोग करून दाखवण्याच्या कामावर नेमले. दर आठवड्याच्या सभेत विद्वानांसमोर नवे प्रयोग करायचे, हे काम सोपे नव्हते. पण हुक यांचे हात आणि बुद्धी कधी थकत नसत. 1665 साली त्यांनी सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या वस्तूंवर एक ग्रंथ लिहिला. बुचाच्या पातळ कापात त्यांना लहान लहान कप्पे दिसले. त्यांना त्यांनी ‘सेल’ असे नाव दिले. आज आपण त्यालाच पेशी म्हणतो. पुढच्याच वर्षी लंडन शहर भीषण आगीत जळाले. तेव्हा जळालेल्या घरांच्या जागा मोजून त्यांच्या हद्दी ठरवण्याच्या कामातही हुक यांचा मोठा वाटा होता.

आता त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या शोधाकडे वळू या. हुक यांनी वीस ते चाळीस फूट लांबीची तार घेतली. तिचे वरचे टोक खिळ्याला बांधले आणि खालच्या टोकाला पारडे अडकवले. पारड्याचे जमिनीपासूनचे अंतर त्यांनी मोजून ठेवले. मग पारड्यात एकेक वजन टाकून प्रत्येक वेळी तार किती लांबली हे पाहिले. तार फार थोडी लांबते. म्हणूनच त्यांनी इतकी लांब तार घेतली होती. स्प्रिंग घेऊन आणि लाकडी पट्टी वाकवूनही त्यांनी असेच प्रयोग केले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट आढळली. बल दुप्पट केले, की ताणही दुप्पट होतो; बल तिप्पट केले, की ताण तिप्पट होतो. म्हणजे ताण बलाच्या समप्रमाणात असतो. यालाच हुकचा नियम म्हणतात.

समजा, 1 किलोग्रॅम वजनाने एक स्प्रिंग 1 सेंटिमीटर लांबली. तर 3 किलोग्रॅम वजनाने ती 3 सेंटिमीटर लांबेल. म्हणून ताणकाट्यावरील खुणा सारख्या अंतरावर असतात. बल दिसत नसले, तरी लांबी दिसते. लांबी मोजली, की बल कळते! मात्र फार मोठे वजन अडकवले, तर स्प्रिंग कायमची सैल होते आणि मग हा नियम लागू पडत नाही.

आपला शोध दुसरा कोणी आपल्या नावावर करील, अशी भीती हुक यांना वाटे. 1675 साली घड्याळातील बारीक स्प्रिंग प्रथम कोणाला सुचली, यावरून हायगेन्स या शास्त्रज्ञाशी त्यांचा वाद झाला होता. म्हणून 1676 साली त्यांनी आपला नियम लॅटिन भाषेतील चौदा अक्षरे उलटसुलट करून, कोड्याच्या रूपात छापला. दोन वर्षांनी, 1678 साली, त्यांनी ते कोडे स्वतःच उलगडले.

पुढे गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशीही त्यांचा वाद झाला. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी मंदावली, तब्येत खालावली. 1703 साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. न्यूटन यांची कीर्ती वाढत गेली आणि हुक यांचे नाव मागे पडले. त्यांना समोर बसवून काढलेले, खात्रीचे मानले जाणारे एकही चित्र आज उपलब्ध नाही.

पण त्यांचे काम मागे पडले नाही. मालाने भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा राहतो, तेव्हा खालचे पोलादी भाग डोळ्यांना दिसणार नाहीत इतके थोडे दबतात. त्यांवर चिकटवलेल्या बारीक तारांचा विजेला होणारा विरोध त्यामुळे बदलतो आणि पडद्यावर वजन उमटते. पूल, क्रेन आणि यंत्रे यांच्यावरील बलही अभियंते याच रीतीने मोजतात. साधने नवी आहेत, पण नियम हुक यांचाच आहे.

मित्रांनो, बल मोजण्याच्या एककाला न्यूटन असे नाव आहे. ताणकाट्यावर तुम्ही न्यूटनमध्ये बल वाचाल, तेव्हा आतल्या स्प्रिंगकडेही लक्ष द्या. एककाला नाव न्यूटन यांचे आहे, पण ते मोजण्याचा मार्ग हुक यांनी दाखवला. एका काट्यात दोघांचेही काम एकत्र आले आहे. दोघांतील वाद आता संपला आहे. उपयोग मात्र आजही आपल्याला होत आहे.