हॅरी नायक्विस्ट

नायक्विस्ट म्हटलं की कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर आठवून आपल्या पोटात गोळा येतो. पण दोन चांगल्या डॅकच्या आवाजात फरक ऐकू येतो का, हा होस्टेलवरचा वादही शेवटी त्यांच्याकडेच जातो.

स्वीडनमध्ये १८८९ साली जन्मलेले नायक्विस्ट १९०७ मध्ये अमेरिकेत आले. १९१७ ला येलची डॉक्टरेट आणि लगेच एटी अँड टीत नोकरी. १९२८ साल तर त्यांचंच! तारेतून सेकंदाला किती सिग्नल पाठवता येतील याचं गणित त्यांनी मांडलं. सॅम्पलिंगच्या नियमाला त्यांचं नाव चिकटलं ते त्यामुळे. साध्या रेझिस्टरमधल्या उष्णतेच्या खरखरीचं सूत्रही त्याच वर्षीचं. म्हणजे कितीही पैसे ओता, ती खरखर पूर्ण जात नाही.

१९७६ मध्ये ते वारले. सीडी आली १९८२ ला. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज. आपला कान २०,००० च्या आसपास थांबतो.

तरी महागडा डॅक मला जास्त मोकळा वाटायचा. मित्रांनी व्होल्टमीटरने दोन्हींची पातळी सारखी केली, माझे डोळे बांधले, आणि माझी उत्तरं नाणं उडवल्यासारखी आली. पैजही मीच लावली होती!