मोहिनीचे ऋण

मराठी रंगभूमीच्या वैभवकाळाचे गोडवे आम्ही नेहमीच गातो. बालगंधर्वांचे शालू आणि दागिने पाहून घरंदाज स्त्रिया आपली वेशभूषा ठरवीत, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु पुरुषाने स्त्री उभी केली तर ती कला आणि स्त्रीने स्वतः स्त्री उभी केली तर तो कुळाला बट्टा, असा न्याय त्याच रसिक समाजाने चालविला होता, याचा मात्र आम्हांस सोयीस्कर विसर पडतो. कमलाबाई गोखले यांचे चरित्र त्या विसरावर बोट ठेवते.

कमलाबाईंचा जन्म 1900 सालचा. आई दुर्गाबाई कामत पतीपासून विभक्त झाल्या तेव्हा पदरी ही लहानगी मुलगी होती. एकट्या स्त्रीला पोट भरण्याचे मार्ग त्या काळी थोडे. प्रतिष्ठेचा तर क्वचितच. दुर्गाबाईंनी नाटकाचा मार्ग पत्करला आणि त्याची किंमत सामाजिक तिरस्काराच्या रूपाने मोजली. कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरतच कमलाबाई वाढल्या आणि बालवयातच त्यांनी रंगमंचावर पाऊल ठेवले.

1913 च्या मे महिन्यात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. त्यातील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण कॅमेऱ्यासमोर येण्यास स्त्री मिळाली नाही. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'साठी मात्र दादासाहेबांना या मायलेकी लाभल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि अवघ्या तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या रूपाने गोमंतक जिला पूजितो, ती ही मोहिनी. पुराणात विष्णूने स्त्रीरूप घेतले. पडद्यावर ते रूप अखेर एका मुलीच्याच वाट्याला आले. भारतीय चित्रपटातील अभिनेत्रींची परंपरा येथून सुरू होते.

पुढे कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करीत. आवाज फुटल्यावर त्यांना त्या सोडाव्या लागल्या. हा संसार फार काळ टिकला नाही. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी लहान मुले होती. कमलाबाईंनी कोणाच्या दारी हात पसरला नाही. मनोहर स्त्री संगीत मंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. पतीने एकेकाळी लुगडे नेसून जे केले, ते पत्नीने फेटा बांधून केले. त्याच्यामागे हौस होती, हिच्यामागे चूल होती, एवढाच भेद. त्याच कमाईवर मुले वाढली. चंद्रकांत गोखले नामवंत नट झाले, तर लालजी व सूर्यकांत तबलावादक. नातू विक्रम गोखले यांनी हा वारसा 2022 पर्यंत चालविला.

1933 साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या आणि नव्या युगाचा उदय झाला, असे इतिहास सांगतो. त्यात आमच्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे होत्या, याचा गोमंतकास सार्थ अभिमान आहे. परंतु दुर्गाबाई आणि कमलाबाई यांनी ही वाट त्यापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ, कोणत्याही सुशिक्षित मंडळींच्या पाठबळाविना, तुडविली होती. पहिल्याने चालणाऱ्याच्या पायांत काटे मोडतात आणि हारतुरे मागून येणाऱ्यास मिळतात, हा जगाचा रिवाजच आहे.

कमलाबाईंनी मूकपटापासून बोलपटापर्यंत अनेक चित्रपटांत कामे केली; 1980 च्या 'गहराई'तही त्या होत्या. 1992 साली रीना मोहन यांनी त्यांच्यावर अनुबोधपट काढला आणि 1998 साली त्यांचे निधन झाले. 'मोहिनी भस्मासुर'ची फीत आज उपलब्ध नाही. उतारवयातील ती साक्ष तरी नोंदली गेली, हे आमचे भाग्य.

हे भाग्य किती जणींच्या वाट्याला आले? कंपन्यांबरोबर फिरलेल्या, देवळांच्या मांडवांत गायिलेल्या असंख्य स्त्रियांची छायाचित्रे, हस्तपत्रके व पत्रे गोमंतकातील जुन्या घरांच्या पेट्यांत पडून असतील. वाळवी लागण्यापूर्वी ती बाहेर यावीत. ज्या कलावतींना आम्ही टाळ्या दिल्या पण ओसरीवर पाट दिला नाही, त्यांना निदान इतिहासात जागा देणे आमचे कर्तव्य आहे.